चेक कोणता?

गव्हाचा शास्त्रज्ञ ओळखायचा असेल तर त्याला जेवायला बोलवावं आणि पानात पोळी वाढावी. तुम्हीआम्ही पोळीचा तुकडा मोडतो, भाजीला लावतो आणि तोंडात टाकतो. हा माणूस आधी पोळी उचलून उजेडासमोर धरतो. मग तिची चौघडी घालतो, सोडून देतो आणि ती किती वेळात उलगडते ते बघत बसतो. मग वास. मग कडेचा बोटभर तुकडा, कोरडाच, डोळे मिटून. तोवर भाजी गार झालेली, वाढणारी बाई रडकुंडीला आलेली, आणि शेजारच्या पानावरचा पाहुणा ‘अन्नात काही पडलंय की काय’ म्हणून स्वतःचं पान उकरायला लागलेला.

आमच्या कॉलनीत असे एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना नाना म्हणतात, माघारी गहूनाना. नोकरीत असताना त्यांचा हुद्दाच मुळी ‘गहू विशेषज्ञ’ होता. सरकारदरबारी असे हुद्दे असतात. पण मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून तो लिहिला, तेव्हा शाळेतल्या कारकुनानं ‘किराणा’ असं बदलून घेतलं. नानांनी ते वर्षभर मनात ठेवलं. कारकुनावर राग नव्हता. ‘किराणा’ फार ढोबळ वर्गीकरण झालं, असं त्यांचं म्हणणं.

गव्हाच्या जगात पोळीला दहापैकी गुण देतात. हे मी थट्टेनं सांगत नाही. कर्नालच्या गहू आणि बार्ली संशोधन संस्थेकडून देशभर ज्या चाचण्या चालतात, त्यांत पीक किती आलं, रोग किती पडला याच्या जोडीला चपातीही तपासली जाते. फुगते किती, रंग कसा, गार झाल्यावर मऊ राहते का, चव कशी. सी-306 नावाचा जुना उंच वाण या बाबतीत अजूनही दाखल्याला घेतात. उतारा बेताचा, पण पोळी अशी की नाना तिचं नाव काढताना आवाज खाली घेतात. काकूंच्या पोळीला मात्र एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी आठाच्या वर गुण दिलेले नाहीत. काकूंना त्याचं काही वाटत नाही. ‘‘नापास तर करत नाहीत ना? मग झालं. गिळतात सगळ्या.’’

पण नानांचा खरा आजार पोळी नव्हे. तो आहे ‘चेक’.

हा चेक बँकेचा नाही. गव्हाचा नवा वाण नुसता चांगला असून भागत नाही. त्याच्या शेजारी, त्याच वावरात, त्याच दिवशी, तेवढंच खतपाणी देऊन एक जुना नामांकित वाण पेरायचा. तो चेक. नव्यानं त्याला हरवून दाखवायचं. आणि हरवलं तरी लगेच हुरळायचं नाही. वावराचा एक कोपरा सकस असतो, एखाद्या सरीला पाणी जास्त जातं, एखाद्याच प्लॉटवर चिमण्यांचा लोभ जडतो. म्हणून तोच वाण तीन-चार जागी विखरून पेरायचा. ही रेप्लिकेशनं. मग गणित करून ठरवायचं, की आलेला फरक कितपत खरा आणि कितपत नशिबाचा. नशिबाच्या या हद्दीला क्रिटिकल डिफरन्स म्हणतात. ट्रायलवाल्यांच्या तोंडी नुसतं ‘सीडी’. फरक सीडीच्या आत असेल तर दोन्ही वाण सारखेच, मग तुम्ही छाती बडवा नाहीतर कपाळ.

एवढं वावरात ठीक आहे. नाना ते घरी घेऊन आले.

मी नवी मोटारसायकल घेतली आणि पेढे द्यायला गेलो. ‘‘लिटरला साठ देते,’’ मी म्हणालो. ‘‘चेक कोणता?’’ नाना म्हणाले. जुनी किती देत होती, तीच वाट होती का, मागे कोणी बसलं होतं का, हवा तपासली होती का, हे सगळं विचारून झाल्यावर पेढा खाल्ला आणि निकाल दिला, ‘‘एका मोसमाच्या डाट्यावर काही बोलू नये.’’ सोसायटीचे नवे अध्यक्ष कसे आहेत म्हणून कोणी विचारलं तर ‘‘आधीच्यापेक्षा बरे. पण फरक सीडीच्या आत.’’ गणपतीत मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेला त्यांना परीक्षक नेमलं, तर त्यांनी कागदभर बेरजा-वजाबाक्या करून पहिली सहा मुलं बरोबरीत आहेत असं जाहीर केलं. सहाही मुलांना एकेक पेढा आणि सहाही आयांचा अबोला. पुढच्या वर्षीपासून मंडळानं नानांकडे सतरंज्या मोजायचं काम दिलं. त्या मात्र बरोबर भरल्या.

नाना उंचीला पाच फूट एक इंच. याचं त्यांना वैषम्य तर नाहीच, उलट अभिमान आहे, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. पूर्वीचा गहू माणसाच्या छातीला लागायचा. त्याला खत घातलं की ओंबी भरायची, ओंबी भरली की ताट वाकायचं, आणि मार्चमध्ये एक वारं आलं की सगळं वावर जमिनीवर लोळायचं. म्हणजे जेवढं खत जास्त तेवढी लोळण जास्त. हा पेच सुटला जपानच्या नोरिन-10 या बुटक्या गव्हामुळे. तो अमेरिकेत गेला, तिथून त्याचं रक्त मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉगच्या गव्हात उतरलं, 1963 साली बोरलॉग भारतात येऊन गेले, आणि 1966 साली आपण मेक्सिकोहून 18,000 टन बियाणं जहाजांनी आणलं. पुढची हरितक्रांती सगळ्यांना पाठ आहे. नानांना त्यातलं एकच कलम महत्त्वाचं वाटतं: बुटका होता म्हणून लोळला नाही. लग्नाच्या पंगतीत पाचवी जिलबी घेताना काकूंनी डोळे वटारले, की ते पोटावर हात फिरवून सांगतात, ‘‘बुटक्याला खत पचतं.’’

थंडी पडली की नानांना तरतरी येते. आपल्याकडे गव्हाचं दुखणं हेच की थंडी तुटपुंजी. पंजाबात हेक्टरी पंचेचाळीस-पन्नास क्विंटल निघतो, आपल्या राज्याची सरासरी त्याच्या निम्म्याला पोचायची मारामार. ती काही आपल्या शेतकऱ्याच्या आळसामुळे नव्हे. आपल्याकडे हिवाळा येतो तोच उशिरा आणि जातो तो न सांगता. पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात साधली तर साधली. पुढे प्रत्येक पंधरवड्याला हेक्टरी दोन-अडीच क्विंटलचा कट. म्हणून दिवाळीनंतर नाना रोज पहाटे पेपरात निफाडचा पारा बघतात. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर तापमान मोजतात आणि ते चार-पाच अंशांवर आलं, की दुसऱ्या दिवशी राज्यभरच्या पेपरांत ‘निफाड गारठले’ म्हणून बातमी येते. ती बातमी नाना मोठ्यानं वाचतात.

समोरच्या बंगल्यातल्या बापूंची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. पारा उतरला की द्राक्षाच्या मण्यांना तडे जातात. बापू आणि त्यांचे दोघे पुतणे रात्रभर बागेत शेकोट्या पेटवत, पहाटे ठिबक सोडत उभे असतात. सकाळी लाल डोळ्यांनी, धुरानं काळवंडलेले बापू गाडीतून उतरतात, तेव्हा नाना फाटकात मफलर गुंडाळून हसतमुख उभे.

‘‘बापू, किती?’’

‘‘साडेचार.’’

‘‘वा वा! फुटवे काय जोरदार निघतील!’’

‘‘नाना, तुमच्या फुटव्याच्या पायी माझा माल चिरला ना!’’

‘‘अजून आठवडाभर असंच राहिलं पाहिजे.’’

बापू सज्जन माणूस. त्यांनी आजवर नानांच्या अंगावर हात टाकलेला नाही. 2022च्या मार्चमध्ये उलटं झालं. उत्तरेत अवेळी उन्हाळा भडकला, दाणे भरायच्या ऐन दिवसांत गहू होरपळला आणि मे महिन्यात सरकारनं गव्हाची निर्यातच बंद केली. नानांनी त्या महिन्यात दाढी केली नाही. तेव्हा बापू द्राक्षाची पेटी घेऊन समाचाराला गेले होते.

यापुढचा भाग मात्र ऐकणाऱ्याला पटत नाही. शेतकरी रोग जावा म्हणून औषध मारतो; नाना हयातभर रोग यावा म्हणून झटले. तांबेरा हा गव्हाचा जुना वैरी. काळा, नारिंगी आणि पिवळा असे त्याचे तीन भाऊ. नवा वाण त्यांना दाद देतो की नाही हे कळायला तांबेरा आधी आला पाहिजे, आणि तो काही आपल्या सोयीनं येत नाही. मग ट्रायलच्या कडेनं आणि मधूनमधून आग्रा लोकलसारखा पटकन बळी पडणारा गहू, म्हणजे ‘इन्फेक्टर’, मुद्दाम पेरायचा, रोगाचे बीजाणू पाण्यात कालवून संध्याकाळच्या गारव्यात त्याच्यावर फवारायचे, आणि सकाळ-संध्याकाळ जाऊन ‘आला का, आला का’ बघायचं. पानावर तांबूस पूड दिसली, बोट फिरवल्यावर बोटाला लागली, की नानांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नसे. एकदा शेजारचा शेतकरी बांधावरून हे बघत होता. त्यानं संध्याकाळी स्वतःच्या गव्हाच्या बांधाला नारळ फोडला.

या तांबेऱ्याला गुण द्यायचीही पद्धत आहे. पानाचा किती टक्के भाग गंजला तो आकडा, आणि पुढे वाण शरण गेला की लढला हे सांगणारं इंग्रजी अक्षर. ‘40 एस’ म्हणजे चाळीस टक्के आणि पूर्ण शरणागती. ‘10 एमआर’ म्हणजे थोडं लागलंय, पण गडी झुंजतोय. निवृत्त झाल्यावर तांबेरा हाताशी राहिला नाही, तेव्हा नाना कॉलनीतल्या लोखंडावर उतरले. माझ्या फाटकाला त्यांनी ‘20 एमएस’ दिले आहेत. पाण्याच्या टाकीचा जिना ‘60 एस’. बापूंची 1988 सालची स्कूटर ‘100 एस’ होती. ती भंगारात गेली तेव्हा नाना म्हणाले, ‘‘फार चांगली इन्फेक्टर होती.’’

त्यांचं लग्न झालं तेव्हा ते काकूंना घेऊन महाबळेश्वरला गेले होते. काकू ही गोष्ट सांगतात तेव्हा नाना उठून गॅलरीत जातात. महाबळेश्वरला एक गहू गेरवा संशोधन केंद्र आहे, हे त्या काळच्या नवऱ्या मुलींना कोणी सांगत नसे. आग्र्याच्या प्रा. के. सी. मेहतांनी सिद्ध केलं होतं, की मैदानातल्या उन्हाळ्यात तांबेरा तगत नाही. तो डोंगरावर जिवंत राहतो आणि तिथून वाऱ्यावर खाली उतरतो. आपल्याकडे येतो तो निलगिरी-पलनीच्या डोंगरांतून. हे सगळं काकूंना एका टेकाडावर, धुक्यात, शालीत कुडकुडत असताना सांगितलं गेलं. ‘‘मी म्हटलं आता काहीतरी बोलतील. तर म्हणतात, वारा दक्षिणेचा आहे.’’ सगळे पॉइंट राहून गेले. काकूंनी ते पुढे महिला मंडळाच्या सहलीत बघितले.

तरीही नानांचं खरं रूप बघायचं तर जानेवारीत, संकराच्या दिवसांत, त्यांच्या संशोधन केंद्राच्या वावरात. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. सकाळची वेळ, बुटाला चिखल, हातात बारीक कात्री आणि चिमटा. ओंबी नुकती पोगरातून बाहेर पडलेली हवी, आतले पुंकेसर अजून हिरवे हवेत. नाना वाकले. वरची-खालची कणसुली खुडली. प्रत्येक कणसुलीतलं मधलं फूल ओढून टाकलं, कडेची दोन ठेवली. कुसळांसकट तुसाची टोकं तिरपी छाटली. मग चिमटा आत गेला, आणि प्रत्येक फुलातून तीन, मोजून तीन, तांदळाच्या कणीहूनही लहान पुंकेसर बाहेर आले. एकही राहिला किंवा फुटला, तर फूल स्वतःच स्वतःशी लग्न लावून मोकळं होतं आणि सगळा खटाटोप वाया. ओंबीवर बटरपेपरची पिशवी, पिशवीला टाचणी, देठाला चिठ्ठी. दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाची पिवळी झालेली ओंबी आणून तिचा पराग आत झटकायचा. एवढं करून एका ओंबीतून वीस-पंचवीस दाणे मिळाले तरी नशीब. नानांच्या हातून एक ओंबी होईपर्यंत शेजारच्या ओळीतल्या मावशींच्या तीन झाल्या होत्या, आणि त्या सुनेच्या तक्रारीही सांगत होत्या. चौथी पास मावशी. नाना हळूच म्हणाले, ‘‘या मावशी आमच्या चेक.’’

निवृत्तीनंतर हे काम फोनवरून सुरू झालं. केंद्रावरची तरुण मुलं अजूनही सल्ला विचारतात, आणि नानांना फोनवर हळू बोलता येत नाही. एकदा भरगच्च एसटीत आम्ही दोघं उभे, नानांचा फोन वाजला. ‘‘मादी तयार आहे का?... मग आज दुपारीच उरका!... नर कोणता धरलाय?... तो नको, तो फार उशिरा येतो!... अरे, दोन दिवस पिशवीत घालून ठेवा तिला, काही होत नाही!’’ पुढच्या सीटवरच्या बाईंनी पोराला कडेवर घेतलं आणि उभ्यानं प्रवास करणं पसंत केलं. कंडक्टरनं मला विचारलं, ‘‘साहेब, हे कोण?’’ मी म्हणालो, ‘‘गव्हाचे.’’ त्याचा विश्वास बसला नाही.

अशा संकरातून वाण बाहेर पडायला दहा-बारा वर्षं लागतात. पहिली पिढी सारखी दिसते, दुसरीत सगळा गोंधळ बाहेर येतो, मग हजारो ताटांतून निवड, पुढच्या वर्षी पुन्हा निवड, अशा सहा-सात पिढ्या. घाई असेल तर उन्हाळ्यात निलगिरीतल्या वेलिंग्टनला किंवा लाहौलच्या दलंग मैदानात पेरून वर्षात दोन पिढ्या काढतात. नंतर केंद्राची ट्रायल, मग अखिल भारतीय प्राथमिक चाचणी, म्हणजे आयव्हीटी, मग एव्हीटी या पुढच्या चाचणीचं पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, मग समिती, मग राजपत्र. नातवानं दोन मिनिटांच्या नूडल्सचं पाकीट आणलं, तर नाना त्यावरचं ‘दोन मिनिटं’ बराच वेळ वाचत राहिले. म्हणाले, ‘‘यातल्या गव्हाची बारा वर्षं धरलेली नाहीत.’’

नवी मुलं डीएनए मार्कर लावून बीजातच सांगतात, की तांबेऱ्याला रोखणारा जनुक आहे की नाही. नानांना त्याचा आनंद आहे आणि थोडा पोटशूळही. 2018 साली गव्हाचा सगळा जनुकसंच उलगडला, तेव्हा तो माणसाच्या पाचपट निघाला. कारण गव्हात तीन वेगवेगळ्या गवतांचे जनुकसंच एकत्र आलेले आहेत. ‘‘तीन बिऱ्हाडं एका वाड्यात,’’ नाना सांगतात, ‘‘आणि दहा हजार वर्षांत वाटणी नाही.’’ ही बातमी आली त्या दिवशी त्यांनी कॉलनीत पेढे वाटले. कुणाला काही झालं का, असं प्रत्येकानं विचारलं.

नानांचे एकच दुष्मन म्हणजे आबा. तेही निवृत्त, तेही शास्त्रज्ञ, पण ज्वारीवाले. दोघं संध्याकाळी पारावर शेजारी बसतात आणि एकमेकांच्या पिकाची उणीदुणी काढतात. ‘‘तुमच्या गव्हाचं काड आमचा बैल हुंगतसुद्धा नाही,’’ आबा म्हणतात, ‘‘आणि आमचा कडबा? दाण्यापेक्षा कडब्याला भाव!’’ आबांचा चेक म्हणजे मालदांडी 35-1. स्वातंत्र्याच्या आधी मोहोळच्या केंद्रावर निवडलेली. नंतर कितीतरी वाण निघाले, पण भाकरी म्हटली की गिऱ्हाईक अजून मालदांडीच मागतं. चेकलाच कोणी हरवत नसेल तर शास्त्रज्ञानं काय करायचं, असं नाना विचारतात. ‘‘भाकरी खायची,’’ आबा म्हणतात.

आबांनीच मला ती गोष्ट सांगितली. नानांनी कधी सांगितली नाही. नानांच्या हातच्या एका संकरातून एक फार देखणा वाण निघाला होता. टपोरा, चमकदार दाणा, तांबेऱ्याला दाद न देणारा, पोळीला आठाच्या वर. दहा वर्षं नानांनी तो वाढवला होता. मनातल्या मनात नावही ठरलं होतं. आपल्याकडे वाणांना त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, पंचवटी अशी गोड नावं देतात; नानांनी काकूंचं ठरवलं होतं. शेवटच्या वर्षी उताऱ्यात चेकपेक्षा जास्त आला, पण सीडीच्या आत. बैठकीत कोणीतरी म्हणालं, अहो, थोडक्यात हुकलंय, दाणा सुंदर आहे, द्या पुढे पाठवून. नाना उठले आणि म्हणाले, ‘‘फरक नाही. बाद करा.’’ आबा मागच्या खुर्चीवर बसले होते. ‘‘माझा वाण असता तर मी टेबलावर चढलो असतो,’’ आबा म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, ‘‘ज्वारीच्या जातीत एवढा मूर्खपणा येत नाही. तो गव्हातच.’’

काकूंना ते नाव ठाऊक आहे का, ते मी विचारलेलं नाही.

गिरणीवाल्याशी नानांचं वैर जुनं आहे. घरी आणलेल्या नमुन्याची पोळी तपासायची तर दळण शुद्ध हवं. आमचा गिरणीवाला ज्वारी, बाजरी, गहू, भाजणी एकामागून एक घालतो आणि मधे फक्त ‘जय श्रीराम’ म्हणतो. नाना दोन किलोची पिशवी घेऊन जातात.

‘‘आधी काय दळलंस?’’

‘‘थालीपिठाची भाजणी.’’

‘‘मग आधी हा एक किलो गहू घाल, तो फेकून दे, मग माझं दळ.’’

‘‘फेकून? काका, अन्न आहे!’’

‘‘तुला ठेव.’’

गिरणीवाल्यानं तो किलो ठेवला. पुढच्या खेपेला आपणहून म्हणाला, ‘‘काका, आज फार भाजणी झालीय. दोन किलो घालावे लागतील.’’

वाण्याकडे तर नानांना पाठवायचंच नाही, असा काकूंचा दंडक आहे. दुकानात पाटी असते ‘लोकवन’. नाना दुकानदाराला सांगतात, की हा ‘लोक-1’, गुजरातेत भावनगर जिल्ह्यात सणोसऱ्याला लोकभारती नावाची संस्था आहे, तिथला वाण. दुकानदार म्हणतो, ‘‘हो साहेब, वन. एकच नंबर आहे.’’ मागची रांग वाढत जाते. शेवटी नाना मूठभर दाणे तळहातावर घेतात, एक दाताखाली फोडतात आणि सांगतात, ‘‘हा लोक-1 नाहीच.’’

मुलीचं लग्न ठरायच्या वेळची हकिकत कॉलनीला पाठ आहे. मुलाकडची मंडळी आली. पोहे झाले. मुलाच्या वडिलांनी मुलाचं वर्णन केलं. ‘‘मुलगा उत्तम आहे. शिक्षण उत्तम, पगार उत्तम, स्वभावाला तर तोड नाही.’’

नानांच्या तोंडून सवयीनं गेलं, ‘‘चेक कोणता?’’

खोलीत सन्नाटा. मुलाचे वडील लालबुंद झाले. ‘‘छे छे! भलतंच काय! आमच्यात देण्याघेण्याची पद्धतच नाही. चेक नको, रोख नको, मुलगी आणि नारळ द्या!’’

कोपऱ्यातला मुलाचा मामा मात्र खुर्चीवर सरसावून बसला होता. ‘‘कोणत्याही बँकेचा चालेल,’’ तो म्हणाला.

काकूंनी सावरलं. मुलगी आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून हसत होती. मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. त्याला ‘चेक’चा खुलासा झाल्यावर त्यानं शांतपणे विचारलं, की सॅम्पल किती लागतं. नानांनी त्याच वेळी मनात होकार दिला असावा. उघडपणे म्हणाले एवढंच, की पहिलं वर्ष आयव्हीटी समजू.

तो जावई पहिल्या दिवाळसणाला आला. काकूंनी पुरणपोळ्या केल्या होत्या. बापू, आबा, मी, सगळे पंगतीला. जावयानं पहिला घास घेतला आणि म्हणाला, ‘‘आई, पोळी फार सुंदर झालीय.’’

‘‘सुंदर म्हणजे?’’ नाना. ‘‘दहापैकी किती?’’

‘‘साडेआठ.’’

नानांचा हात थांबला. त्यांच्या घरात अर्ध्या गुणाची भाषा बोलणारा माणूस पहिल्यांदाच जेवत होता. पण हाडाचा ट्रायलवाला एवढ्यावर सोडणार नव्हता. ‘‘चेक कोणता धरलात?’’

‘‘आमच्या आईच्या हातची.’’

‘‘तिला किती?’’

मुलीनं डोळे मिटले. काकूंची तुपाची वाटी हवेतच राहिली. बापू पानाकडे बघून मीठ मोजायला लागले. इकडे सासू उभी, आणि शेजारच्या खुर्चीवर फोन, त्यावर व्हिडिओ कॉल लावून खुद्द जावयाची आई सणाचं कौतुक बघत बसलेली.

जावयानं पोळी उचलून उजेडासमोर धरली. चौघडी घातली, सोडली, उलगडताना बघितली. कडेचा तुकडा कोरडाच तोंडात टाकला, डोळे मिटले.

‘‘फरक आहे, बाबा. पण सीडीच्या आत.’’

‘‘रेप्लिकेशनं किती घेतलीत?’’

‘‘एकच झालंय,’’ जावई म्हणाला आणि ताट पुढे केलं. ‘‘अजून तीन वाढा.’’